ऑटोस्केलिंगच्या पॉलिसी एसक्यूएलने कशा तपासाव्यात

क्लाउडवर चालणाऱ्या सेवेवरचा भार वाढला की तिच्या प्रती आपोआप वाढाव्यात आणि भार ओसरला की त्या आपोआप कमी व्हाव्यात, या व्यवस्थेला ऑटोस्केलिंग म्हणतात. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने, म्हणजे एडब्ल्यूएसने, आपल्या ईसीटू या व्हर्च्युअल सर्व्हरांसाठी ही सोय मे २००९ मध्ये आणली आणि पुढे ती कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेले पुडके), डेटाबेस, फंक्शन अशा कितीतरी सेवांपर्यंत पोहोचली. कधी वाढवायचे, किती वाढवायचे आणि कुठे थांबायचे हे यंत्रणेला सांगणारा जो लेखी नियम असतो, ती पॉलिसी. मध्यम आकाराच्या संस्थेतही अशा शेकडो पॉलिसी साचतात, कारण प्रत्येक नवी सेवा आपल्याबरोबर एक-दोन पॉलिसी घेऊन येते आणि सेवा सुरळीत चालू आहे तोवर त्या पॉलिसीकडे पुन्हा कोणी पाहत नाही.

अडचण अशी की चुकीची पॉलिसी आवाज करत नाही. कोडमध्ये चूक असली तर एरर येते आणि सर्व्हर पडला तर सूचना येते. परंतु ज्या पॉलिसीची कमाल मर्यादा तीन वर्षांपूर्वीच्या भाराला धरून ठरवली होती, ती आजही वैधच असते आणि कन्सोलमध्ये, म्हणजे सेवा हाताळण्याच्या वेबपानावर, हिरवीच दिसते. तिचा दोष एकतर नेमक्या गर्दीच्या दिवशी कळतो, नाहीतर महिनोन्महिने बिलातून झिरपत राहतो. शिवाय असा दोष एका पॉलिसीच्या आत क्वचितच सापडतो. तो असतो पॉलिसी आणि तिची मर्यादा यांच्या संबंधात, पॉलिसी आणि तिला जागे करणाऱ्या अलार्मच्या संबंधात, किंवा जिथे पॉलिसी असायला हवी होती आणि नाही, त्या रिकाम्या जागेत. कन्सोलचा पडदा एका वेळी एकच वस्तू दाखवतो, त्यामुळे संबंध आणि अभाव या दोन्ही गोष्टी तिथे नजरेला पडत नाहीत. टेबलांमधले संबंध जोडणे आणि जे नाही ते शोधून काढणे यांसाठीच एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारण्याची भाषा घडलेली आहे, म्हणून या कामाला तिच्याइतके योग्य साधन मला दुसरे दिसत नाही.

पॉलिसीत नेमके काय लिहिलेले असते

क्वेरी लिहिण्याआधी तपासायची वस्तू ओळखीची हवी. एडब्ल्यूएसमध्ये ऑटोस्केलिंगची दोन घराणी आहेत. ईसीटू सर्व्हरांच्या गटांसाठी एक वेगळी सेवा आहे, आणि बाकीच्या बहुतेक सेवांसाठी, म्हणजे ईसीएस या सेवेवर चालणारे कंटेनर, डायनॅमोडीबी या डेटाबेसची टेबले, ऑरोरा या डेटाबेसच्या रीड रेप्लिका (फक्त वाचनासाठीच्या प्रती), लॅम्डा या सेवेतल्या फंक्शनांसाठी आधीच तयार ठेवलेली क्षमता वगैरेंसाठी, ॲप्लिकेशन ऑटोस्केलिंग नावाची दुसरी सेवा आहे. या लेखात भर दुसऱ्या घराण्यावर आहे, कारण तिथे विविधता जास्त आहे आणि गोंधळही जास्त आहे.

ॲप्लिकेशन ऑटोस्केलिंगमध्ये दोन नोंदी असतात आणि त्यांतला फरक फार महत्त्वाचा आहे. पहिली नोंद म्हणजे स्केलेबल टार्गेट: ‘ही वस्तू मोजमापाने वाढू शकते, ती किमान इतकी आणि कमाल इतकी असावी’ एवढेच ती सांगते. दुसरी नोंद म्हणजे स्केलिंग पॉलिसी: त्या दोन टोकांच्या मध्ये केव्हा आणि कसे हलायचे ते ही सांगते. पॉलिसी नेहमी टार्गेटला बांधलेली असते आणि टार्गेटची नोंदणी रद्द केली की तिच्या पॉलिसीही पुसल्या जातात. उलट मात्र खरे नाही. टार्गेट आहे, किमान-कमाल आकडे भरलेले आहेत, आणि पॉलिसी एकही नाही, अशी अवस्था पूर्णपणे शक्य आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती ‘ऑटोस्केलिंग लावलेले आहे’ अशीच वाटते.

प्रत्येक टार्गेटची ओळख तीन गोष्टींनी पटते: सेवेचे नेमस्पेस (कोणती सेवा ते सांगणारे नाव), वस्तूचा रिसोर्स आयडी, आणि स्केलेबल डायमेन्शन, म्हणजे त्या वस्तूचे नेमके कोणते माप हलवायचे आहे ते. ईसीएसच्या सेवेत हे माप चालू टास्कची, म्हणजे सेवेच्या चालू प्रतींची, संख्या असते. डायनॅमोडीबीच्या एकाच टेबलाला मात्र वाचनाची क्षमता आणि लेखनाची क्षमता अशी दोन स्वतंत्र मापे असतात. ही तीन-पदरी ओळख पुढे दोन टेबले जोडणारा जॉइन लिहिताना कळीची ठरते.

पॉलिसीचे सर्वाधिक वापरले जाणारे दोन प्रकार म्हणजे स्टेप स्केलिंग आणि टार्गेट ट्रॅकिंग. स्टेप स्केलिंगमध्ये अलार्म आणि पायऱ्या आपण ठरवतो: मोजमाप इतके ओलांडले तर दोन वाढवा, त्याहून जास्त ओलांडले तर चार वाढवा. टार्गेट ट्रॅकिंगमध्ये आपण फक्त एक लक्ष्य देतो आणि बाकीचा हिशेब यंत्रणा करते. सरासरी सीपीयू वापर ६० टक्क्यांवर ठेवायचा आहे, सध्या चार टास्क चालू आहेत आणि वापर ९० टक्क्यांवर गेला आहे, तर चारला ९० ने गुणून ६० ने भागायचे. उत्तर सहा येते, म्हणून टास्क सहा होतात. यासाठी लागणारे क्लाउडवॉच या देखरेखीच्या सेवेतले अलार्म यंत्रणा स्वतःच तयार करते. ईसीएसच्या बाबतीत वाढीचा अलार्म एकेका मिनिटाची सलग तीन मोजमापे पाहून वाजतो, तर घटीचा अलार्म तशी पंधरा मोजमापे पाहून वाजतो. वाढताना घाई आणि घटताना संयम ही भूमिका जाणूनबुजून घेतलेली आहे.

एपीआयच्या मागे टेबल कसे उभे राहते

ही सगळी माहिती एडब्ल्यूएसच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमने माहिती मागण्याच्या दारातून, मिळते, पण ती पानापानांत तुटलेल्या जेसन (किल्ली आणि किंमत अशा जोड्यांचा मजकूर) उत्तरांच्या रूपात. प्रत्येक रीजनसाठी, म्हणजे डेटा सेंटरांच्या प्रत्येक भौगोलिक विभागासाठी, वेगळी हाक मारायची, प्रत्येक नेमस्पेससाठी पुन्हा वेगळी, आलेली पाने जोडायची आणि मग दोन वेगवेगळ्या हाकांची उत्तरे हाताने जुळवायची, एवढे स्क्रिप्टचे काम एका साध्या प्रश्नासाठी करावे लागते. टर्बट या कंपनीने २०२१ मध्ये आणलेले स्टीमपाइप हे मुक्तस्रोत साधन हे काम अंगावर घेते. त्याच्या पोटात एक खराखुरा पोस्टग्रेस डेटाबेस असतो आणि पोस्टग्रेसच्या ‘फॉरेन टेबल’ या सोयीचा ते उपयोग करते. बाहेरचा डेटा टेबलासारखा दाखवण्याची ही सोय पोस्टग्रेसमध्ये २०११ सालच्या ९.१ या आवृत्तीपासून आहे. आपण क्वेरी दिली की पोस्टग्रेस ती स्टीमपाइपच्या प्लगइनकडे सोपवते, प्लगइन त्याच क्षणी एडब्ल्यूएसच्या एपीआयला हाक मारते आणि आलेल्या उत्तराच्या ओळी करून परत देते.

डेटा कुठेही कायमचा साठवला जात नाही. फक्त थोड्या वेळासाठी कॅशमध्ये राहतो आणि कॅशची मूळ मुदत ३०० सेकंदांची आहे. म्हणून पॉलिसी बदलून लगेच तीच क्वेरी पुन्हा चालवली आणि जुनेच उत्तर आले, तर बदल झालाच नाही असे समजू नये. क्वेरी चालवणाऱ्या खात्याला फक्त वाचनाचे अधिकार पुरतात आणि माझा आग्रह असा की तेवढेच द्यावेत, कारण तपासणीच्या साधनाला बदल करण्याचा अधिकार असण्याचे कारण नाही.

अगदी साधी क्वेरी अशी दिसते. ती येथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहे. टर्मिनलवर अर्थातच ती रोमन अक्षरांत द्यावी लागेल.

सिलेक्ट रिसोर्स_आयडी, पॉलिसी_नेम, पॉलिसी_टाइप
फ्रॉम एडब्ल्यूएस_ॲपऑटोस्केलिंग_पॉलिसी
व्हेअर सर्व्हिस_नेमस्पेस = 'ईसीएस';

यातली शेवटची ओळ काढून टाकली तर क्वेरी चालत नाही. कारण समजून घेण्यासारखे आहे. ॲप्लिकेशन ऑटोस्केलिंगचा एपीआय ‘सगळ्या पॉलिसी दाखव’ असा प्रश्न मुळात स्वीकारतच नाही. कोणत्या सेवेच्या पॉलिसी हव्यात हे त्याला आधी सांगावेच लागते. त्यामुळे नेहमीच्या डेटाबेसमध्ये जी व्हेअरची अट केवळ गाळणी असते, ती येथे एपीआयला दिलेला प्रत्यक्ष पत्ता असते. फॉरेन टेबल आणि साधे टेबल यांच्यातला हा फरक एकदा मनात बसला की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. उदाहरणार्थ, ईसीटूच्या ऑटोस्केलिंग गटांच्या टेबलात पॉलिसी नावाचा एक कॉलम आहे आणि तो मागितला की प्रत्येक गटामागे एक जादा हाक जाते. मोठ्या खात्यावर ‘सिलेक्ट स्टार’ लिहिण्याची सवय असेल तर एपीआयची दरमर्यादा लवकर गाठली जाते. जे कॉलम हवेत तेवढेच मागणे येथे शिष्टाचाराइतकेच गरजेचेही आहे.

जे नाही ते शोधणे

आता खऱ्या उपयोगाच्या प्रश्नाकडे येऊ: कोणत्या टार्गेटना पॉलिसीच नाही? टार्गेटचे एक टेबल आहे, पॉलिसीचे दुसरे आहे आणि दोघांना लेफ्ट जॉइनने, म्हणजे डावीकडची प्रत्येक ओळ राखून, जोडून उजवी बाजू रिकामी असलेल्या ओळी उचलायच्या आहेत.

विथ टी ॲज (
सिलेक्ट * फ्रॉम एडब्ल्यूएस_ॲपऑटोस्केलिंग_टार्गेट
व्हेअर सर्व्हिस_नेमस्पेस = 'डायनॅमोडीबी'
), पी ॲज (
सिलेक्ट * फ्रॉम एडब्ल्यूएस_ॲपऑटोस्केलिंग_पॉलिसी
व्हेअर सर्व्हिस_नेमस्पेस = 'डायनॅमोडीबी'
)
सिलेक्ट टी.रिसोर्स_आयडी, टी.स्केलेबल_डायमेन्शन, टी.मिन_कपॅसिटी, टी.मॅक्स_कपॅसिटी
फ्रॉम टी लेफ्ट जॉइन पी
ऑन टी.रिसोर्स_आयडी = पी.रिसोर्स_आयडी
अँड टी.स्केलेबल_डायमेन्शन = पी.स्केलेबल_डायमेन्शन
अँड टी.रीजन = पी.रीजन
अँड टी.अकाउंट_आयडी = पी.अकाउंट_आयडी
व्हेअर पी.पॉलिसी_नेम इज नल;

या क्वेरीतल्या प्रत्येक अटीला कारण आहे. स्केलेबल डायमेन्शनची अट गाळली आणि फक्त रिसोर्स आयडीवर जोडणी केली, तर ज्या टेबलाला वाचन आणि लेखन अशी दोन टार्गेटे व दोन पॉलिसी आहेत त्याच्या दोनऐवजी चार ओळी तयार होतात. त्याहून वाईट म्हणजे, ज्या टेबलाच्या फक्त वाचनाला पॉलिसी आहे आणि लेखनाला नाही, ते टेबल या तपासणीतून निर्दोष सुटते, कारण लेखनाच्या टार्गेटला वाचनाची पॉलिसी चिकटते आणि उजवी बाजू रिकामी राहत नाही. नेमका जो दोष शोधायला निघालो तोच झाकला जातो. रीजन आणि अकाउंट आयडी यांचेही तसेच आहे: डायनॅमोडीबीच्या टेबलाचे नाव एका खात्यात आणि एका रीजनमध्ये एकमेव असते, पण चाचणीच्या आणि प्रत्यक्ष वापराच्या खात्यांत एकच नाव असणे ही बहुतेक संस्थांची रीतच आहे.

वर दोन्ही टेबले आधी विथमध्ये गाळून घेतली आहेत, त्याचेही कारण आहे. उजव्या टेबलावरची अट शेवटच्या व्हेअरमध्ये लिहिली की लेफ्ट जॉइनचा अर्थच मरतो: जिथे पॉलिसी नाही तिथे उजवीकडचे नेमस्पेस नल, म्हणजे रिकामे, असते, नलची कशाशीही तुलना खरी ठरत नाही आणि आपल्याला हव्या असलेल्याच ओळी गळून पडतात. क्वेरी बिनचूक चालते, एरर देत नाही आणि ‘एकही दोष नाही’ असे सांगते.

आलेल्या यादीतली प्रत्येक ओळ चूकच असेल असे नाही. काही टार्गेटांवर पॉलिसीऐवजी केवळ वेळापत्रकानुसार होणारे बदल लावलेले असतात आणि ते योग्यही असू शकते. डायनॅमोडीबीच्या बाबतीत मात्र एक ठिकाण मी मुद्दाम पाहायला सांगेन, ते म्हणजे ग्लोबल सेकंडरी इंडेक्स, म्हणजे टेबलात वेगळ्या किल्लीने शोधण्यासाठी ठेवलेली जोडसूची. इंडेक्सची क्षमता टेबलाच्या क्षमतेपासून स्वतंत्र असते आणि त्याचे टार्गेट व पॉलिसीही स्वतंत्र लागतात. टेबलाला पॉलिसी लावली आणि इंडेक्स विसरला, तर लेखनाचा भार वाढल्यावर टेबल वाढते, इंडेक्स जागच्या जागी राहतो आणि इंडेक्सची लेखनक्षमता अपुरी पडल्यामुळे मूळ टेबलावरचे लेखनही अडते. मग टेबलाचे आकडे पाहणाऱ्याला क्षमता भरपूर दिसते आणि तरीही विनंत्या नाकारल्या जात असतात.

ज्यांना टार्गेटच नाही अशा वस्तू शोधायच्या तर आणखी एक पाऊल मागे जावे लागते, कारण त्या ऑटोस्केलिंगच्या कोणत्याच टेबलात सापडणार नाहीत. ईसीएसच्या सेवांचे टेबल डावीकडे घ्यायचे आणि टार्गेटचे उजवीकडे. दोघांत थेट जुळणारा कॉलम नसतो. टार्गेटचा रिसोर्स आयडी ‘सर्व्हिस’, क्लस्टरचे (सेवा ज्या गटात चालते त्याचे) नाव आणि सेवेचे नाव यांच्यामध्ये तिरपी रेघ घालून बनलेला असतो, म्हणून क्लस्टरच्या एआरएनमधून, म्हणजे त्याच्या पूर्ण ओळखनावातून, स्प्लिट पार्ट या फंक्शनने नाव वेगळे करून तीच मांडणी आपल्याला तयार करावी लागते. डायनॅमोडीबीसाठी हीच तपासणी करताना मागणीनुसार आकारणी होणारी टेबले बिलिंग मोड या कॉलमच्या आधारे वगळावीत, कारण त्यांना ऑटोस्केलिंगची गरजच नसते आणि ती यादीत राहिली तर खरे दोष त्यांच्या गर्दीत बुडतात.

आकडे आत दडलेले असतात

पॉलिसीचे लक्ष्य, कूलडाउनचा (एका बदलानंतर थांबण्याचा) काळ, घट बंद ठेवली आहे का, या गोष्टी वेगवेगळ्या कॉलमांत येत नाहीत. त्या एका जेसन कॉलमच्या आत असतात आणि बाणाच्या खुणेने बाहेर काढाव्या लागतात. येथे दोन सापळे आहेत. पहिला असा की टेबलाच्या कॉलमांची नावे लहान अक्षरांत असतात, पण जेसनच्या आतल्या किल्ल्या एपीआयने पाठवल्या तशाच, प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे असलेल्या असतात. किल्ली चुकीच्या अक्षरांत लिहिली की पोस्टग्रेस तक्रार करत नाही, ते नल देते. दुसरा सापळा जास्त खोल आहे. दोन टोकांच्या बाणाने काढलेली किंमत ही संख्या नसते, मजकूर असते. सीपीयूचे लक्ष्य ९० च्या वर ठेवलेल्या पॉलिसी शोधताना उजवीकडचे ९० अवतरणात लिहून तुलना केली, तर १०० हे लक्ष्य सुटून जाते, कारण मजकूर म्हणून पाहता ‘१’ हे अक्षर ‘९’ च्या आधी येते आणि म्हणून १०० हे ९० पेक्षा लहान ठरते. किंमत आधी न्यूमेरिक करून घ्यावी आणि मगच तुलना करावी.

लक्ष्याचा आकडा एकटा वाचण्यातही अर्थ नाही. एका पॉलिसीत ७० म्हणजे सीपीयूचे ७० टक्के असतात, तर दुसरीत १००० म्हणजे विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागच्या प्रत्येक टास्कला येणाऱ्या विनंत्यांची संख्या असते. म्हणून लक्ष्याबरोबर मोजमापाचे नावही त्याच क्वेरीत घ्यावे आणि एकाच मोजमापाच्या पॉलिसी एकमेकींशेजारी ठेवाव्यात. डायनॅमोडीबीमध्ये हे लक्ष्य २० ते ९० टक्क्यांच्या दरम्यानच देता येते. ईसीएसमध्ये तशी चौकट नसल्यामुळे तिथले आकडे अधिक बारकाईने पाहावे लागतात.

पॉलिसी निकामी करणाऱ्या तीन अवस्था मात्र जवळजवळ फुकटात सापडतात. किमान आणि कमाल क्षमता सारखीच असेल तर पॉलिसी कितीही हुशार असली तरी तिला हलायला जागाच नाही. टार्गेटच्या सस्पेंडेड स्टेट या कॉलममध्ये वाढ किंवा घट थांबवलेली असेल तर पॉलिसी कागदावरच आहे. दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी ती थांबवते आणि पुन्हा सुरू करायचे राहून जाते. आणि जेसनमधले ‘डिसेबल स्केल इन’ खरे असेल तर सेवा वाढते पण कधीच आपोआप कमी होत नाही. ही तिसरी खूण कधीकधी मुद्दाम लावलेली असते, म्हणून ती दिसताच दोष ठरवू नये. संबंधितांना कारण विचारावे आणि ते टॅगमध्ये नोंदवून ठेवावे.

कमी न होण्याची दोन कारणे

बिल वाढण्याची तक्रार येते तेव्हा प्रश्न बहुधा घटीचा असतो आणि घट न होण्याची एक रीत अशी आहे की जी कोणत्याही एका पॉलिसीकडे पाहून कळू शकत नाही. एका टार्गेटवर एकाहून अधिक टार्गेट ट्रॅकिंग पॉलिसी असतील तर त्यांपैकी कोणतीही एक म्हणाली तरी वाढ होते, परंतु घट होण्यासाठी, ज्यांच्यात घट चालू आहे अशा सगळ्यांचे एकमत व्हावे लागते. हा नियम सेवेच्या सुरक्षिततेसाठी योग्यच आहे. आता असे धरा की एका ईसीएस सेवेवर सीपीयूची एक आणि मेमरीची एक पॉलिसी आहे, आणि आत जावाचा प्रोग्रॅम चालतो. जावाची यंत्रणा एकदा घेतलेली मेमरी भार ओसरल्यावर लगेच परत करत नाही. सकाळच्या गर्दीत टास्क वाढतात, दुपारी सीपीयू खाली येतो, सीपीयूची पॉलिसी घटीला तयार होते, पण मेमरीचा आकडा वरच राहिल्यामुळे दुसरी पॉलिसी संमती देत नाही. दोन्ही पॉलिसी आपापल्या जागी बरोबर आहेत आणि सेवा मात्र रात्रभर सकाळच्या गर्दीच्या आकारात चालू राहते.

हे शोधायला रिसोर्स आयडी आणि डायमेन्शन यांवर ग्रुप बाय करून ज्यांच्या पॉलिसी एकाहून अधिक आहेत तेवढ्या ओळी काढाव्यात आणि त्यांची मोजमापे एका ओळीत जोडून पाहावीत. मेमरीची पॉलिसी लावावी की नाही हा निर्णय प्रोग्रॅम ओळखणाऱ्या माणसाचा. क्वेरी एवढेच करते की तो प्रश्न योग्य माणसासमोर ठेवते.

दुसरे कारण अलार्ममध्ये आहे. पॉलिसीच्या टेबलात अलार्म नावाचा कॉलम असतो आणि त्यात तिच्या अलार्मची नावे असतात. ती उलगडून क्लाउडवॉचच्या अलार्म टेबलाशी जोडली की दोन प्रकारची माहिती हाती येते: कोणता अलार्म कोणीतरी पुसून टाकला आहे आणि कोणत्या अलार्मला पुरेसा डेटाच मिळत नाही. टार्गेट ट्रॅकिंगने तयार केलेल्या अलार्मना हात लावू नये असे एडब्ल्यूएस सांगते; तरीही अलार्मची साफसफाई करताना ते पुसले जातात. डेटा न मिळण्याचे उदाहरण डायनॅमोडीबीत स्पष्ट दिसते. टेबलाचा वापर शून्यावर आला की टार्गेट ट्रॅकिंग त्याची राखून ठेवलेली क्षमता कमी करत नाही. एखादे जुने टेबल वापरातून पूर्ण गेले, तर शेवटच्या गर्दीच्या वेळी जी क्षमता होती तिचे पैसे ते त्यानंतरही मागत राहते. वापर थोडा असता तर घट झाली असती. वापर अजिबात नाही म्हणून झाली नाही.

ठरलेल्या गर्दीसाठी

महाराष्ट्रात दहावी-बारावीचा निकाल ऑनलाइन पाहता येतो तो दुपारी एक वाजता, आणि त्या पहिल्या मिनिटाची गर्दी ही सगळ्यांना आधीच माहीत असलेली गर्दी असते. निकाल दाखवणारी एखादी सेवा ईसीएसवर चालते असे धरले, तर टार्गेट ट्रॅकिंगचा अलार्म तीन मिनिटांची मोजमापे पाहील, मग नवे टास्क सुरू होतील, ते निरोगी असल्याची लोड बॅलन्सरला खात्री पटेल आणि तोवर पहिली लाट येऊन आदळलेली असेल. अशा प्रसंगी आषाढीच्या जादा एसटी गाड्यांप्रमाणे क्षमता आधीच रस्त्यावर आणलेली असावी लागते. त्यासाठी वेळापत्रकाची सोय आहे: ठरल्या वेळी टार्गेटची किमान क्षमता वाढते आणि चालू प्रती लगेच त्या आकड्यापर्यंत नेल्या जातात.

एसक्यूएलचा उपयोग येथे दोनदा होतो. गर्दीच्या तासभर आधी टार्गेटच्या टेबलातून किमान क्षमता पाहिली की वेळापत्रक खरोखर लागू झाले की नाही हे कळते, आणि फक्त मुख्य सेवेचेच नव्हे तर तिच्यामागच्या डेटाबेसचे टार्गेटही त्याच नजरेने पाहता येते. दुसरा उपयोग गर्दी संपल्यावर. वेळापत्रकाने वाढवलेली किमान क्षमता आपणहून पूर्ववत होत नाही. ती खाली आणणारी दुसरी नोंद कोणीतरी करावी लागते. ती राहून गेली तर एका दिवसासाठी उंचावलेला तळ तसाच राहतो आणि त्या तळाच्या खाली कोणतीही पॉलिसी जाऊ शकत नाही. निकालानंतरच्या आठवड्यात किमान क्षमतेचे आकडे उतरत्या क्रमाने काढून वरच्या दहा ओळी पाहणे एवढे काम यासाठी पुरते.

क्वेरी काय सांगू शकत नाही

वरच्या सगळ्या क्वेरी पॉलिसीचे आत्ताचे रूप दाखवतात. काल ती कशी होती आणि ती कोणी बदलली हे त्यांतून कळत नाही. बदल कोणी केला यासाठी खात्यातल्या कृती टिपणाऱ्या क्लाउडट्रेल या सेवेची नोंद पाहावी लागते, आणि वेगळी व्यवस्था केली नसेल तर तिथे मागचे ९० दिवसच दिसतात. प्रत्यक्ष वाढ-घट कधी झाली याची यादी ॲप्लिकेशन ऑटोस्केलिंग सहा आठवडे ठेवते. याहून मागचे हवे असेल तर टार्गेट आणि पॉलिसी या दोन टेबलांची रोजची नक्कल तारखेसह आपल्याच डेटाबेसमध्ये साठवावी. क्लाउडची माहिती ठरावीक वेळाने डेटाबेसमध्ये भरणारे क्लाउडक्वेरीसारखे साधनही त्यासाठी वापरता येते. मग कालच्या आणि आजच्या नकलेतला फरक हीसुद्धा एक साधी क्वेरीच होते.

तपासणी रोज आपोआप चालवायची असेल तर शून्य ओळींचे उत्तर वेगळे हाताळावे. ‘दोष नाही’ याचेही उत्तर शून्य ओळी आणि ‘जिथे पाहायचे तिथे पाहिलेच नाही’ याचेही उत्तर शून्य ओळीच. एडब्ल्यूएसचे मुंबई रीजन जून २०१६ मध्ये सुरू झाले आणि हैदराबादचे नोव्हेंबर २०२२ मध्ये. मुख्य सेवा मुंबईत आणि पर्यायी व्यवस्था हैदराबादला अशी मांडणी असेल, पण स्टीमपाइपच्या जोडणीत फक्त मुंबईच लिहिलेली असेल, तर हैदराबादच्या पॉलिसींविषयी क्वेरी काहीच बोलणार नाही आणि अहवाल स्वच्छ दिसेल. म्हणून दोष शोधणाऱ्या क्वेरींच्या आधी एक मोजणीची क्वेरी चालवावी: प्रत्येक खाते, रीजन आणि नेमस्पेसमागे किती टार्गेटे सापडली. हा आकडा कालच्यापेक्षा अचानक घटला किंवा एखादे रीजन यादीतूनच गायब झाले, तर बाकीचे निकाल वाचण्याआधी जोडणी आणि अधिकार तपासावेत.